कोळसा खाणींच्या अपघातांत इतकी मुले का दगावली? नववीच्या प्रदर्शनासाठी विचारणा

प्रश्न : इतिहास शिक्षिका, नाशिक रोड

नमस्कार. मी नाशिक रोड परिसरातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. जागतिक बालकामगारविरोधी दिन १२ जूनला, म्हणजे सुट्टीतच येऊन जातो. म्हणून शाळा उघडल्यावर नववीच्या विद्यार्थ्यांकडून त्या विषयावर एक भित्तिप्रदर्शन करून घ्यायचे मी ठरवले आहे. त्यासाठी कोळसा खाणींतील मुलांचा इतिहास निवडला. आमच्या वर्गातील बऱ्याच घरांचा एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राशी या ना त्या प्रकारे संबंध आहे आणि कोळशाने भरलेले रेक या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले आहेत. हा कोळसा एके काळी कोणी वर आणला, हे त्यांना कळावे अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या हस्कर खाणीपासून करावी असा विचार आहे. ४ जुलै १८३८ रोजी सिल्कस्टोन कॉमन येथे ७ ते १७ वर्षे वयाची २६ मुले खाणीत पाणी शिरून बुडाली. त्यांत ११ मुली आणि १५ मुलगे होते. राणी व्हिक्टोरियाचा राज्याभिषेक होऊन तेव्हा आठवडाही उलटला नव्हता. तेथील चर्चच्या आवारात या मुलांचे स्मारक आहे. परमेश्वराने मेघगर्जना, वीज, गारा आणि पाऊस पाठवला आणि या २६ जणांना अचानक आपल्या निर्मात्यापुढे हजर व्हावे लागले, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. खाणमालकाचे नावही त्यावर आहे, पण केवळ खाण कोणाची होती हे सांगण्यापुरते.

हे वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, अपघात तर मोठ्या माणसांचेही होतात. पाऊस पडला, पाणी शिरले, त्यात मुलेही सापडली. मग यात मुलांचे म्हणून वेगळे काय?" मी तिला मालकांचा लोभ आणि लोकांची गरिबी हे नेहमीचे उत्तर दिले, परंतु माझेच समाधान झाले नाही. गरिबी आणि लोभ यांमुळे मुले खाणीत का होती हे समजते. खाणीत गेल्यावर ती मृत्यूच्या इतक्या जवळ का होती, हे त्यातून समजत नाही. खाणकामाची किंवा कामगार कायद्यांची माहिती असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. भारतातील खाणींविषयीही विचारायचे आहे, पण ते नंतर.

उत्तर १ : निवृत्त खाण अभियंता, इंदिरानगर

बाई, आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. माझी नोकरी वणी आणि चंद्रपूर भागातील भूमिगत खाणींत झाली, त्यामुळे मी खाणीच्या रचनेपासून सांगतो.

कोळशाच्या थरातून मिथेन हा ज्वलनशील वायू सतत झिरपत असतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले, की एक ठिणगी स्फोटाला पुरते. म्हणून कोळसा काढण्याच्या जागेपर्यंत ताजी हवा अखंड पोहोचवणे हे खाणीतील पहिले काम असते. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी हवा बाहेर पडण्याच्या शाफ्टच्या, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या खड्ड्याच्या, तळाशी भट्टी पेटवून ठेवत. तापलेली हवा वर चढे आणि तिच्या ओढीने दुसरीकडून ताजी हवा आत येई. मात्र हवा नेहमी जवळची वाट धरते. तिला लांबच्या कामाच्या जागेपर्यंत वळवून न्यायचे, तर मधल्या वाटा दारे लावून बंद ठेवाव्या लागतात. आणि त्याच वाटांनी कोळशाच्या गाड्याही जात असल्यामुळे गाडी आली की दार उघडायचे आणि ती गेली की लगेच लावायचे, हे काम कोणाला तरी दिवसभर करावे लागते.

हे काम इंग्लंडच्या खाणींत पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दिले जाई. दाराशेजारी भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात मूल हातात दोरी धरून बसे आणि हे बसणे बारा बारा तासांचे असे. खाणींतील मुलांच्या चौकशीसाठी १८४० मध्ये नेमलेल्या शाही आयोगापुढे सारा गुडर या आठ वर्षांच्या मुलीने दिलेली साक्ष छापलेली आहे. पहाटे चारला, कधी साडेतीनलाच ती खाणीत उतरत असे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर येत असे. या कामाने थकवा येत नाही, पण दिव्याशिवाय बसावे लागते आणि भीती वाटते, असे तिने सांगितले. उजेड असला तर ती कधी कधी गाणे म्हणे. अंधारात गाण्याचा तिला धीर होत नसे.

आता या व्यवस्थेचा अर्थ पाहा. खाणीतील सगळ्या माणसांचा श्वास ज्या दारावर अवलंबून होता, ते दार सर्वांत लहान, सर्वांत कमी मजुरीच्या आणि अंधारात एकट्या बसवलेल्या मुलाच्या हाती होते. ते मूल झोपी गेले किंवा खेळायला उठले आणि दार उघडे राहिले, तर हवा जवळच्या वाटेने निघून जाई आणि पुढे कामाच्या जागी मिथेन साचू लागे. मग कोणाच्या तरी उघड्या दिव्यावर त्याचा भडका उडे. मुलांच्या अशा एका चुकीवर सगळ्यांचे प्राण अवलंबून असतात, हे आयोगाच्या अहवालातही नोंदवलेले आहे. त्या मुलाकडून झोप न येण्याची अपेक्षा धरून कोणी खाणीची आखणी करत असेल, तर स्फोटाचा दोष मुलाकडे जात नाही, आखणी करणाऱ्याकडे जातो. लहान मुलांना खाणीत आणून केवळ धोक्यात ठेवले होते असे नाही. सुरक्षेची सगळ्यांत नाजूक कडी त्यांच्याच हाती दिली होती.

हस्करमध्येही एक दार आहे, आणि ते आपण फलकावर अवश्य दाखवावे. त्या दिवशी दुपारी वादळी पावसाने वरच्या बॉयलरची आग विझली आणि माणसे वर खेचणारे वाफेचे यंत्र बंद पडले. मुले तोवर कित्येक तास खाणीत होती. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी शाफ्टखाली थांबून राहण्याऐवजी टेकडीच्या उतारावर उघडणाऱ्या तिरप्या बोगद्याने बाहेर पडायचे ठरवले. ती हवेचे एक दार ओलांडून पुढे गेली आणि त्याच वेळी बाहेरचा ओढा फुगून बोगद्यात घुसला. पाण्याच्या लोंढ्याने मुले मागे त्याच दारावर फेकली गेली, आणि पाण्याच्या दाबापुढे ते दार त्यांना उघडता आले नाही. पाऊस निसर्गाचा होता, हे खरेच. पण पावसात विझणारी आग, माणसे वर आणण्याचे एकच यंत्र, ओढ्याच्या काठी उघडणारे बोगद्याचे तोंड आणि अशा वेळी बाहेर पडण्याचा निर्णय ज्यांच्यावर येऊन पडला ती सात ते सतरा वर्षांची मुले, यांतले काहीही निसर्गाने केलेले नव्हते.

दुसरे कारण थरांच्या जाडीचे आहे. अरुंद थरात वाट उंच करायची तर दगड फोडावा लागतो आणि त्या दगडाला बाजारात किंमत नसते. त्यापेक्षा वाट आहे तेवढीच ठेवायची आणि तिच्यातून मावेल असे मूल आणायचे, हे स्वस्त पडे. कमरेला पट्टा आणि पायांमधून जाणारी साखळी अशा अवस्थेत गाडी ओढणाऱ्या मुलांची चित्रे १८४२ च्या अहवालात आहेत. मोठ्या स्फोटांची नावे लोकांच्या लक्षात राहतात, परंतु खाणीतील बहुतेक मृत्यू एकेकट्याने होत असत, छताचा दगड पडून किंवा गाडीखाली चिरडून. गाड्यांची कामे मुलांकडे असल्यामुळे अशा अपघातांत ती वारंवार सापडत. एका मुलाच्या मृत्यूचे स्मारक सहसा कोणी उभारत नाही, त्यामुळे प्रदर्शनात केवळ मोठे अपघात घेतले, तर खरे चित्र निम्मेच राहील.

उत्तर २ : नियमित वाचक, सिडको

वरील माहिती मोलाची आहे, पण सगळा भार मालक आणि अभियंते यांच्यावर टाकण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. यॉर्कशायरच्या पुष्कळ खाणींत मुलांना मालक कामावर ठेवतच नसे. कोळसा फोडणाऱ्या कामगाराला गाडीमागे पैसे मिळत आणि ती गाडी ओढायला तो स्वतःची मुले आणी किंवा दुसऱ्याची मुले मजुरीने घेई. आई-वडीलच मुलांना खाली नेत होते, हे विद्यार्थ्यांना सांगितले नाही तर इतिहास एकांगी होईल.

उत्तर ३ : कायद्याचे अध्यापक, गंगापूर रोड

सिडकोच्या वाचकांनी सांगितलेली वस्तुस्थिती बरोबर आहे. तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. गाडीमागे दर ठरवताना तो इतका कमी ठेवायचा की एका माणसाच्या मेहनतीत घर चालू नये, आणि मग त्याने मुलाला मदतीला आणले की ते त्याचे घरगुती प्रकरण मानायचे, ही पद्धत मालकाच्या सोयीची होती. आपल्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात आणि उचल त्या कोयत्यावर दिली जाते. थळात, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात, सोबत असलेले मूल मोळ्या उचलू लागले, तरी ते कोणाच्याही हिशेबात येत नाही. इंग्लंडमधील गाडीचा दर असाच होता. मजुरीच्या नोंदवहीत मूल नाही म्हणजे मालकाची जबाबदारीही नाही, ही सोय नंतरच्या कायद्यांना मोडून काढावी लागली.

१८४२ चा कायदा कसा झाला, हे फलकावर सविस्तर यावे असे मला वाटते. हस्करच्या घटनेनंतर खाणींतील मुलांविषयी चर्चा वाढली आणि संसद सदस्य लॉर्ड अ‍ॅशली यांच्या मागणीवरून १८४० मध्ये आयोग नेमला गेला. आयोगाच्या माणसांनी खाणीत उतरून मुलांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले. अहवाल मे १८४२ मध्ये आला तो लाकडी ठशांच्या चित्रांसह. ज्यांना जाडजूड अहवाल वाचायला वेळ नव्हता, त्यांनाही चित्रे पाहावीच लागली. १० ऑगस्ट १८४२ रोजी कायदा संमत होऊन सर्व स्त्रिया व मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखाली काम करण्यास मनाई झाली. अ‍ॅशली यांनी मुलांसाठी मागितलेली वयोमर्यादा तेरा वर्षांची होती. लॉर्ड लंडनडेरी यांच्यासारख्या खाणमालक उमरावांच्या विरोधामुळे वरिष्ठ सभागृहातून बाहेर पडेपर्यंत ती दहावर आली. ही तीन वर्षे आपण विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावीत, कारण पुढची दोन पिढ्यांची मुले त्या तीन वर्षांच्या फटीतून खाणीत उतरत राहिली.

कायदा झाला तेव्हा त्याच्या अंमलबजावणीसाठी संपूर्ण देशाला मिळून एकच निरीक्षक होता, ह्यू सेमूर ट्रेमेनहीर. खाणीच्या सुरक्षिततेची तपासणी जमिनीखाली जाऊन करणारे निरीक्षक १८५० च्या कायद्यानंतर आले. १८६० मध्ये मर्यादा बारा झाली, पण लिहिता-वाचता येणाऱ्या मुलांना दहाव्या वर्षी जाण्याची सवलत राहिली. १९०० मध्ये ती तेरा आणि १९११ मध्ये चौदा झाली.

अभियंता साहेबांनी रचनेविषयी जे सांगितले त्याला कायद्याच्या इतिहासातून पुष्टी मिळते. १६ जानेवारी १८६२ रोजी नॉर्थंबरलँडमधील हार्टली खाणीत पाणी उपसणाऱ्या यंत्राची ४२ टन वजनाची बिडाची तुळई मोडली, तिचा निम्मा भाग शाफ्टमध्ये कोसळला आणि ये-जा करण्याचा एकमेव मार्ग बुजला. आतील २०४ पुरुष आणि मुले विषारी वायूने मृत्यू पावली. मदत करणारे त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा सहा दिवस उलटले होते. त्याच वर्षी प्रत्येक खाणीला बाहेर पडण्याचे दोन स्वतंत्र मार्ग असलेच पाहिजेत, असा कायदा झाला. दुसरा शाफ्ट खणण्याचा खर्च वाचवण्याची परवानगी तोपर्यंत मालकांना होती, आणि वडिलांशेजारी काम करणारी मुले त्या वाचवलेल्या खर्चाची किंमत देत होती.

वेल्समधील सेंघेनिडची घटनाही घ्यावी. १४ ऑक्टोबर १९१३ च्या स्फोटात तेथे ४३९ खाणकामगार आणि सुटकेसाठी गेलेला एक जण असे ४४० जण गेले, आणि त्यांत चौदा वर्षांची मुले होती. चौदा हे तेव्हाचे कायदेशीर वय होते, म्हणजे त्या मुलांना खाणीत पाठवताना कोणीही कायदा मोडलेला नव्हता. मागाहून सुरक्षा नियमांच्या उल्लंघनाबद्दल व्यवस्थापकाला २४ पौंड दंड झाला. हा आकडा ४४० च्या शेजारी लिहावा. विद्यार्थी भागाकार स्वतः करतील.

प्रश्नकर्ती : इतिहास शिक्षिका, नाशिक रोड

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. फलकांचा क्रम मी बदलते आहे : स्मारकावरील मजकुराआधी त्या दाराचे चित्र येईल. सिडकोच्या वाचकांचा मुद्दाही मी घेणार आहे, कारण मुले तो प्रश्न विचारणारच.

आता भारताविषयी. धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी शेजारच्या जुन्या खाणीतील पाणी फुटून आले आणि ३७५ कामगार गेले. त्याआधी १९५८ मध्ये चिनाकुरी आणि १९६५ मध्ये धोरी येथे स्फोट झाले, धोरीत २६८ जण गेले. या अपघातांच्या वर्णनांत मला मुलांचा उल्लेख आढळला नाही. आपल्याकडे खाणीत मुले नव्हतीच, असे समजायचे का?

उत्तर ४ : निवृत्त कामगार अधिकारी, देवळाली कॅम्प

बाई, मुले होती. आपण सांगितलेले तिन्ही अपघात स्वातंत्र्यानंतरचे आहेत आणि तोपर्यंत संघटित खाणींतून मुले कायद्याने बाहेर गेली होती. त्याआधीच्या काळाकडे पाहावे लागेल.

बंगालमधील राणीगंज भागात कोळसा काढण्याची सुरुवात १७७४ मध्ये झाली, पण खाणींचा खरा विस्तार रेल्वेबरोबर झाला. आपल्या थळ घाटातून इगतपुरीकडे चढणाऱ्या गाड्यांनाही कोळसाच लागत होता, आणि वऱ्हाड-विदर्भाकडे वरोऱ्याची खाण १८७१ मध्ये सुरू झाली ती त्याच गरजेतून. बंगाल-बिहारच्या खाणींत संथाळ, बाउरी अशा समाजांतील संपूर्ण कुटुंबे एकत्र उतरत. पुरुष कोळसा फोडी, बाई टोपलीतून तो वाहून गाडीत भरी आणि घरी सांभाळायला कोणी नसल्यामुळे मुलेही सोबत येत; थोडी मोठी झाली की हाताशी लागत. पैसे गाडीमागे मिळत. अध्यापक महोदयांनी वर जे सांगितले, तेच येथेही घडले : मुलाचे नाव नोंदवहीत नसे.

१९०१ च्या पहिल्या भारतीय खाण कायद्याने बारा वर्षांखालील व्यक्तीला मूल ठरवले. खरी मनाई १९२३ च्या कायद्याने आली आणि १ जुलै १९२४ पासून तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत काम देणे बंद झाले. १९३५ मध्ये ही मर्यादा पंधरा झाली. स्त्रियांना जमिनीखालून टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्याचे नियम १९२९ चे आहेत. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ मध्ये ती बंदी उठवली गेली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. आपण घातलेली बंदी सरकार गरजेपुरती बाजूला ठेवू शकते, हे विद्यार्थ्यांना यातून दाखवता येईल.

संविधानाच्या अनुच्छेद २४ मध्ये चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात किंवा खाणीत कामाला ठेवण्यास मनाई आहे. घटनाकारांनी धोकादायक कामांमध्ये खाणीचा उल्लेख नावानिशी केला, हे महत्त्वाचे आहे. त्यानंतरच्या १९५२ च्या खाण कायद्यातील कलम ४५ मला सर्वांत नेमके वाटते. मुलाला कामावर ठेवायचे नाही, एवढ्यावर ते थांबले नाही. जमिनीखालील भागात त्याला हजर राहू देण्यासही त्याने मनाई केली. आई-वडिलांसोबत आले होते, काम करत नव्हते, ही सबब त्यामुळे उरली नाही. १९८३ च्या दुरुस्तीने ही मर्यादा अठरा वर्षांवर नेली. फक्त सोळा वर्षांवरील शिकाऊ उमेदवारांना देखरेखीखाली सवलत होती.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण गिरण्यांचे आहे. १८८१ च्या कारखाना कायद्याने मुलाच्या कामाचे किमान वय सात वर्षे ठरवले आणि बारा वर्षांपर्यंत दिवसाला नऊ तास काम घेण्यास परवानगी दिली. १८९१ मध्ये किमान वय नऊ आणि चौदा वर्षांपर्यंत कामाचे तास सात झाले. ज्या दशकात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडत होते, त्याच दशकात सात वर्षांचे मूल नऊ तास काम करते हे कायदेशीर होते.

उत्तर ५ : छायाचित्रकार, पंचवटी

अमेरिकेतील छायाचित्रांचा उल्लेख येथे आला नाही म्हणून लिहितो. पेनसिल्व्हेनियात खाणीबाहेरच्या उंच इमारतींत घसरगुंडीसारख्या पन्हळींतून कोळसा खाली येई आणि त्यावर ओणवी बसलेली मुले त्यातून दगड वेचून काढत. बोटे सोलवटत, धुळीने छाती भरे आणि तोल जाऊन पन्हळीत पडलेले मूल कोळशाखाली गुदमरून मरत असे. लुईस हाइन यांनी राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी या मुलांची छायाचित्रे घेतली. जानेवारी १९११ मधील साउथ पिट्स्टनची छायाचित्रे सर्वांत परिचित आहेत. माझी विनंती अशी आहे की, त्यांतील मुलांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे मोठ्या आकारात लावावीत आणि मृतदेहांची किंवा शवपेट्यांची लावू नयेत. नववीतील मुले आपल्याच वयाच्या मुलांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहतील. शेजारी प्रत्येकाचे काम आणि ते किती तासांचे होते, एवढे लिहिले तरी पुरे.

उत्तर ६ : नियमित वाचक, सिडको

कायद्याच्या अध्यापकांचे म्हणणे मला पटले. गाडीचा दर कोण ठरवतो हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. अभियंता साहेबांना एक विचारतो : डेव्हीचा दिवा आल्यावर तरी स्फोट थांबायला हवे होते ना?

उत्तर ७ : निवृत्त खाण अभियंता, इंदिरानगर

दिव्याची कथा शाळेत विज्ञानाच्या तासाला आनंदाने सांगितली जाते, तिची दुसरी बाजू अशी आहे. २५ मे १८१२ रोजी फेलिंग खाणीत स्फोट होऊन ९२ पुरुष आणि मुले गेली. त्यानंतर सुरक्षित दिव्याचा शोध सुरू झाला आणि १८१५ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी बारीक जाळीचा दिवा तयार केला. ज्योतीची उष्णता जाळी शोषून घेते आणि बाहेरचा मिथेन पेटत नाही, हे तत्त्व अचूक होते. परंतु दिवा हाती येताच, पूर्वी मिथेनच्या भीतीने सोडून दिलेले थर मालकांनी पुन्हा कामाला काढले आणि खाणी अधिक खोल गेल्या. दिव्याचा उजेडही कमी असे, त्यामुळे कामगार कधी जाळी काढून काम करत. हवा वाहती ठेवण्याला दिवा हा पर्याय नव्हता. तो तसा वापरला गेला. दिव्यानंतरही दारावर मूल बसलेलेच होते.

मुलांच्या मृत्यूचे एक शारीरिक कारण राहून गेले. स्फोटात भाजून किंवा चिरडून जाणाऱ्यांपेक्षा त्यानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने जाणारे अधिक असत, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी १८९६ च्या अहवालात दाखवून दिले. ज्या प्राण्याचे शरीर लहान आणि श्वास जलद, त्याच्यावर हा वायू लवकर परिणाम करतो, म्हणूनच त्यांनी खाणीत लहान प्राणी सोबत नेण्याची सूचना केली आणि पुढे कॅनरी पक्षी नेले जाऊ लागले. मुलांचा श्वासही मोठ्यांपेक्षा जलद असतो. वडील आणि मुलगा एकाच वाटेने धावत असताना आधी कोण कोसळत असेल, हे यावरून समजते.

भारताविषयी देवळालीच्या साहेबांनी दिलेली माहिती संघटित खाणींपुरती पूर्ण आहे. तिच्याबाहेर मेघालय आहे. तेथील डोंगरांत कोळशाचा थर दोन-तीन फुटांचा असतो. उभ्या खड्ड्याच्या तळापासून सर्व बाजूंना माणूस रांगत जाईल एवढीच बिळे खणली जातात, आणि अशा बिळांत मुलांनी काम केल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. तरीही १३ डिसेंबर २०१८ रोजी पूर्व जैंतिया हिल्समधील क्सान येथे अशाच एका खाणीत लायटीन नदीचे पाणी शिरले आणि १५ जण आत अडकले. त्या जागी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग, जुन्या खोदकामाचे नकाशे किंवा हवेची योजना यांपैकी काहीही नव्हते.

बाई, फलकासाठी हस्करच्या बोगद्याचा आणि दाराचा उभा छेद मी काढून देईन. क्सानच्या खड्ड्याचा छेदही त्याच मापाने काढता येईल. शाळा कोणत्या वेळेत भेटायला सोयीची आहे ते कळवावे, म्हणजे मुलांना हवेचा प्रवाह कसा वळतो हे पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत धूर सोडून दाखवता येईल.